अपत्यहीनता : देह, परिस्थिती आणि निवड

इसवी सन १८५३ च्या डिसेंबर महिन्याच्या ११ तारखेस नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निवर्तले. त्यांच्यामागे पुत्र नव्हता. राणीने घेतलेले दत्तक गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने मान्य केले नाही आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. छत्तीसगडचा मुलूख या राज्यात मोडत होता. त्यामुळे रायपूर शहरही भोसल्यांच्या हातून कंपनी सरकारच्या हाती गेले. एका घराण्यात मूल नसल्यामुळे एका विस्तीर्ण प्रदेशाचा धनी बदलला, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

राजघराण्यातील अपत्यहीनतेची नोंद इतिहासाने ठेवली, कारण तीत राज्याचा प्रश्न गुंतला होता. सामान्य घरातील अपत्यहीनतेची नोंद कोणी ठेवली नाही. ती त्या घरातील स्त्रीने सोसली, एवढेच. आज रायपूर ही छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांत श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होते, तर शेजारच्या छत्तीसगढी घरांत भाद्रपद वद्य षष्ठीला कमरछठचे व्रत असते. त्या दिवशी नांगर न लागलेल्या जमिनीत आपोआप उगवलेला पसहर तांदूळ आणि सहा प्रकारच्या भाज्या खाऊन आया मुलांना दीर्घायुष्य मागतात, आणि जिला मूल नाही ती मूल मागते. दोन्ही व्रतांत ‘आई’ ही स्त्रीची स्वाभाविक अवस्था गृहीत धरलेली आहे. मग पंचेचाळीस वर्षांची एखादी स्त्री आई नसेल, तर ती का नाही? या प्रश्नाला समाजाजवळ बहुधा एकच उत्तर असते : तिच्यात दोष आहे. विज्ञान मात्र हा प्रश्न उलगडून त्याचे निरनिराळे पदर वेगळे करते. ते पदर कोणते, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

वंध्यत्व आणि अपत्यहीनता

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘वंध्यत्व’ ही वैद्यकीय संज्ञा आहे. कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता बारा महिने वा त्याहून अधिक काळ नियमित शरीरसंबंध होऊनही गर्भधारणा न होणे, अशी तिची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. ही व्याख्या जोडप्याची आहे, एकट्या स्त्रीची नाही. एकदाही गर्भ न राहिल्यास ते प्राथमिक वंध्यत्व होय. पूर्वी गर्भ राहून पुढे न राहिल्यास ते दुय्यम वंध्यत्व होय. आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येणाऱ्या प्रौढ माणसांचे प्रमाण जगात सहांत एक इतके आहे, असा अंदाज या संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केला. परंतु त्यांपैकी अनेकांना पुढे मूल होते. तेव्हा वंध्यत्व म्हणजे कायमची अपत्यहीनता नव्हे.

‘अपत्यहीनता’ ही लोकसंख्याशास्त्राची संज्ञा आहे. ती केवळ एक वस्तुस्थिती सांगते : या व्यक्तीला मूल झालेले नाही. त्यामागील कारण ती सांगत नाही. एखादी स्त्री आजारामुळे अपत्यहीन असेल. एखादी अविवाहित राहिल्यामुळे. एखादी नवऱ्याच्या शुक्रदोषामुळे. तर एखादी स्वतःच्या इच्छेने. लोकभाषेतील ‘वांझ’ हा एकच शब्द या चौघींनाही लावला जातो, आणि तेथेच विचाराची पहिली चूक होते.

अपत्यहीनतेची मोजणी सामान्यतः चाळिशीतील स्त्रियांमध्ये करतात. पंचविशीतील स्त्रीला मूल नसले तर त्यावरून काहीच निष्कर्ष निघत नाही. पंचेचाळिशीनंतर मात्र नैसर्गिक रीतीने मूल होण्याचा संभव इतका थोडा उरतो की, त्या वयातील आकडा हा जवळजवळ अंतिम समजता येतो. असे का होते, हे समजण्यासाठी देहाच्या रचनेकडे वळले पाहिजे.

देहातील घड्याळ

सस्तन प्राण्यांच्या मादीच्या शरीरात बीजांड असते, हे कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. त्यापूर्वी स्त्री ही केवळ शेत आणि पुरुष हाच बीज देणारा, अशी समजूत जगातील अनेक संस्कृतींत रूढ होती. बीज पुरुषाचे आणि पीक न आल्यास दोष मात्र जमिनीचा, हा न्याय त्याच समजुतीतून आला.

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू वयात आल्यापासून उतारवयापर्यंत सतत नव्याने तयार होत असतात. स्त्रीच्या बीजांडांचा साठा मात्र जन्मापूर्वीच ठरलेला असतो. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साठ ते सत्तर लाख अपक्व बीजांडे असतात. जन्माच्या वेळी त्यांतील दहा ते वीस लाख उरतात आणि वयात येईपर्यंत तीन ते चार लाख. संपूर्ण आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडणारी बीजांडे जेमतेम चारशे ते पाचशे असतात. बाकीची आपोआप विरून जातात. पस्तिशीनंतर हा ऱ्हास वेगाने होतो, आणि साठा हजाराच्या आसपास आला की मासिक पाळी थांबते. यालाच रजोनिवृत्ती म्हणतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. म्हणजे युरोपीय स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी.

केवळ संख्याच घटते असे नाही. उरलेल्या बीजांडांत गुणसूत्रांची वाटणी बिनचूक होण्याचे प्रमाणही वयाबरोबर कमी होते. त्यामुळे गर्भ राहणे अवघड होते आणि राहिलेला गर्भ टिकणेही. तिशीच्या सुमारास एका मासिक चक्रात गर्भ राहण्याची शक्यता शंभरात वीसच्या घरात असते. चाळिशीत ती पाचाखाली उतरते. पाळी नियमित चालू असल्यामुळे आपली प्रजननशक्तीही अबाधित आहे असे अनेकींना वाटते. परंतु प्रजननशक्ती पाळीच्या कित्येक वर्षे आधी मावळलेली असते.

याखेरीज रोगाची कारणे आहेत. अंडाशयातून गर्भाशयाकडे बीजांड नेणाऱ्या बीजवाहिन्या बंद झाल्यास गर्भधारणा होत नाही. भारतात याचे एक महत्त्वाचे कारण क्षयरोग हे आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसांतून रक्तावाटे बीजवाहिन्यांत व गर्भाशयाच्या अस्तरात जाऊन बसतात. रुग्ण स्त्रीला खोकला नसतो, तापही जाणवत नाही, आणि वर्षानुवर्षे नवस करूनही मूल का होत नाही याचा उलगडा होत नाही. अस्वच्छ बाळंतपण किंवा अस्वच्छ गर्भपात यांमुळे होणारा जंतुसंसर्ग हेही असेच कारण आहे. उरलेला भाग पुरुषांचा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या शुक्रातील उणीव हे एकमेव किंवा सहकारी कारण असते. शुक्रजंतूंची तपासणी ही सर्व तपासण्यांत सोपी आणि स्वस्त आहे. तरीही ती बहुधा सर्वांत शेवटी होते. तोवर स्त्रीची अनेक औषधे, उपास आणि अंगारे होऊन गेलेले असतात.

आकडे काय सांगतात

भारतात पंचेचाळीस ते एकोणपन्नास या वयातील विवाहित स्त्रियांमध्ये एकही मूल न झालेल्यांचे प्रमाण फार थोडे, शंभरांत दोन-तीनच्या आसपास आहे. आपल्याकडे लग्न जवळजवळ प्रत्येकीचे होते आणि पहिले मूल लग्नानंतर लवकरच येते. म्हणजे येथे जी अपत्यहीनता दिसते ती बहुतांशी शारीरिक कारणांची आहे.

याच काळात मुलांची संख्या मात्र झपाट्याने घटली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात दर स्त्रीमागे सरासरी २ मुले होतात. छत्तीसगडात हा आकडा १.८ आणि महाराष्ट्रात १.७ इतका आहे. छत्तीसगडात चार-पाच वर्षांपूर्वीच्या चौथ्या पाहणीत तो २.२ होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रायपूरच्या आईने मुले कमी केली, पण आई होणे सोडले नाही. दोन मुलांवर थांबण्याची मुभा समाजाने दिली आहे. शून्यावर थांबण्याची दिलेली नाही.

अन्य देशांत चित्र निराळे आहे. अमेरिकेत चाळीस ते चव्वेचाळीस वयाच्या स्त्रियांत अपत्यहीनांचे प्रमाण १९७६ साली दहांत एक होते. २००६ साली ते पाचांत एक झाले आणि नंतर पुन्हा काहीसे उतरले. जपानमध्ये १९७० साली जन्मलेल्या स्त्रियांपैकी चारांत एकीहून अधिक स्त्रिया अपत्यहीन राहिल्या. पण ही केवळ आधुनिक काळाची गोष्ट आहे असे समजणे चुकीचे ठरेल. १९०० सालाच्या आसपास युरोप-अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रियांपैकीही सुमारे पाचव्या हिश्श्याला मूल झाले नाही. पहिल्या महायुद्धात त्यांच्या वयाचे तरुण मारले गेले आणि नंतरच्या मंदीत अनेकांना संसार थाटता आला नाही. त्यांच्या अपत्यहीनतेत देहाचा दोष नव्हता आणि बहुतेकींची इच्छाही नव्हती. परिस्थितीने तो निर्णय घेतला.

‘निवड’ कशाला म्हणावे?

येथे विषयाच्या गाभ्याशी आपण येऊन पोहोचतो. अपत्यहीन स्त्रियांचे ‘इच्छेने’ आणि ‘अनिच्छेने’ असे दोन गट पाडण्याची रीत आहे. ही विभागणी सोयीची असली तरी प्रत्यक्ष आयुष्याला ती पुरी पडत नाही.

कॅनडातील समाजशास्त्रज्ञ जीन व्हीव्हर्स यांनी १९७० नंतरच्या दशकात स्वेच्छेने मूल न होऊ दिलेल्या विवाहित स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांनी लग्नापूर्वीच तसे ठरविले होते. उरलेल्या दोन-तृतीयांश स्त्रियांनी एका क्षणी असा निर्णय घेतलाच नव्हता. प्रथम ‘शिक्षण संपू दे’, मग ‘घर होऊ दे’, मग ‘पुढे पाहू’ असे करीत त्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेल्या. आणि एके दिवशी आपला निर्णय झालेलाच आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. याला निवड म्हणावे की परिस्थिती? प्रामाणिक उत्तर असे की, दोन्ही. नदीच्या पात्रात पोहणारा माणूस हातपाय स्वतः मारतो, पण प्रवाहही त्याला नेत असतो.

भारतीय घरात या प्रवाहाला आणखी काही ओढे येऊन मिळतात. वडील लवकर वारल्याने भावंडांचे शिक्षण करणारी थोरली बहीण, आजारी आईची शुश्रूषा करणारी मुलगी, हुंड्याअभावी लग्न राहून गेलेली शिक्षिका, तरुणपणी वैधव्य आलेली स्त्री : या सर्व चाळिशीत अपत्यहीन असतात. त्यांपैकी कोणीही ‘मूल नको’ असे म्हटलेले नसते. आणि त्यांतील कित्येकी आपल्या आयुष्याविषयी पुढे समाधानीही असतात. म्हणून स्त्रीच्या आजच्या समाधानावरून पूर्वीची इच्छा, किंवा पूर्वीच्या इच्छेवरून आजचे दुःख गृहीत धरणे शास्त्रीय नव्हे.

पूर्ण विचारान्ती केलेल्या निवडीचे एक ठळक उदाहरण मराठी समाजाने फार पूर्वी पाहिले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म १८८२ सालचा. नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई बाळंतपणात वारली. पुढे गणिताचे प्राध्यापक असताना त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते, यावरून कर्व्यांचे पाऊल किती आघाडीचे होते हे कळून येईल. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले.

रघुनाथराव व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याचे ठरविले आणि ते पाळले. मालतीबाई स्वतः कमावत्या होत्या आणि पतीच्या तोट्यातील कार्याला त्यांच्या कमाईचा मोठा आधार होता. १९४४ साली त्या वारल्या. या दांपत्याच्या जीवनातून एक तत्त्व स्पष्ट होते. निवड तेव्हाच निवड ठरते, जेव्हा तीन गोष्टी हाती असतात : शरीराविषयीचे ज्ञान, ते अमलात आणण्याचे साधन, आणि ‘नाही’ म्हणूनही उभे राहता येईल इतकी आर्थिक व सामाजिक जागा. यांपैकी एकही नसेल तर जे घडते त्याला निवड म्हणता येत नाही.

निवड हिरावली जाते तेव्हा

ही तत्त्वाची गोष्ट रायपूरच्या परिसरात प्रत्यक्ष जिवाशी आली. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली गरीब कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे उपचार रुग्णालयात विनामूल्य मिळत. गरिबाला दवाखान्याचे दार उघडणारी ही योजना होती. परंतु २०१२ साली रायपूर व आसपासच्या भागात या विम्याच्या आधारे अनेक स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढण्यात आल्याचे उघडकीस आले. कंबर दुखते, अंगावर पांढरे जाते, अशा साध्या तक्रारी घेऊन आलेल्या बायकांना कर्करोगाची भीती घालण्यात आली, अशा तक्रारी पुढे आल्या. शासनाने चौकशी करून काही डॉक्टरांची नोंदणी स्थगित केली.

गर्भाशय काढणे हा काही आजारांवरचा योग्य, कधी कधी प्राण वाचविणारा उपचार आहे. परंतु अंगावर जाणे, रक्तस्राव अधिक होणे किंवा लहान गाठी असणे यांवर बहुधा औषधांनी प्रथम उपाय करता येतो. तरुण वयात गर्भाशय व त्याबरोबर अंडाशयेही काढली गेली तर स्त्रीच्या देहातील संप्रेरके एकाएकी घटतात. रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. या स्त्रियांपैकी बहुतेकींना मुले होती. तरीही ‘आणखी एक हवे की नको’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ज्यांना मूल नव्हते त्यांच्या बाबतीत तर आशेचे दारच बंद झाले. पाचव्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत तीनहून थोड्या अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. राजस्थान, बिहार व छत्तीसगड येथील अशा शस्त्रक्रियांसंबंधी २०१३ साली दाखल झालेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला, आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

दुसरे उदाहरण १९७९ सालचे. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशात होते. बैगा, कमार, पहाडी कोरवा, बिरहोर, अबूझमाडिया यांसारख्या आदिम जमातींची संख्या घटू नये म्हणून शासनाने त्यांच्यातील नसबंदी शस्त्रक्रियांवर निर्बंध घातला. यांतील कमार लोक पूर्वीच्या रायपूर जिल्ह्यात मोडणाऱ्या गरियाबंदच्या डोंगराळ भागात राहतात. हेतू रक्षणाचा होता. पण परिणाम असा झाला की, सहा-सात बाळंतपणांनी खंगलेल्या बाईलाही ‘आता पुरे’ म्हणण्याचा मार्ग उरला नाही. या निर्बंधाविरुद्ध पुढे लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले.

याच्या उलट टोकाला नोव्हेंबर २०१४ मधील बिलासपूरची घटना आहे. तेथे एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्या आठवड्यात त्या जिल्ह्यातील शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या तेरा स्त्रिया दगावल्या. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. एका स्त्रीला थांबता येत नाही, दुसरीला घाईने थांबविले जाते, तिसरीचे गर्भाशयच जाते; तिघींची कहाणी वेगळी दिसली तरी मूळ एकच आहे. प्रश्न तिच्या देहाचा होता आणि उत्तर दुसऱ्याने दिले.

कलंकाचे मोल

अपत्यहीनतेचे मोल केवळ मनाने मोजावे लागत नाही. बारशाला, डोहाळजेवणाला तिला न बोलावणे, बोलावलेच तर ओटी भरताना मागे उभे करणे, हे सौम्य प्रकार झाले. छत्तीसगडच्या खेड्यांत याहून भयंकर प्रकार घडतात. गावात मूल आजारी पडले, गुरे मेली, की एखाद्या एकाकी बाईवर ‘टोनही’ म्हणजे चेटकीण असल्याचा आळ घेतला जातो. हा आळ बहुधा मध्यमवयीन वा वृद्ध, विधवा किंवा निपुत्रिक स्त्रीवर येतो, कारण तिची बाजू घेणारा मुलगा घरात नसतो. आणि पुष्कळदा तिच्या नावावरची जमीन कोणाच्या तरी डोळ्यांत सलत असते. रायपूरचे नेत्रवैद्य डॉ. दिनेश मिश्र यांनी या अंधश्रद्धेविरुद्ध गावोगावी जाऊन दीर्घ काळ काम केले आहे. २००५ साली राज्याने टोनही प्रताडना निवारण कायदा केला. कोणाला टोनही ठरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि त्यापायी छळ करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद त्यात आहे.

संपत्तीचा प्रश्न शहरी, सुशिक्षित स्त्रीलाही चुकत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतरचा आहे. सासरने हाकलून दिलेल्या व माहेरी राहून नोकरी केलेल्या एका विधवेची पुंजी याच नियमाने सासरच्या माणसांना गेल्याचा निकाल २००९ साली सर्वोच्च न्यायालयात झाला. त्याच कायद्याच्या तिसाव्या कलमाने स्त्रीला मृत्युपत्र करण्याचा पूर्ण अधिकार दिलेला आहे. निपुत्रिक स्त्रीने तो वेळीच वापरणे शहाणपणाचे होय. तसेच २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अपत्यहीन वृद्धाला, त्याची मिळकत ज्यांच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्यांना मिळणार आहे अशा नातलगांकडून पोटगी मागता येते. म्हातारपणाची काठी म्हणजे मुलगाच, ही समजूत कायद्याने तरी सोडलेली आहे.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

ज्यांना मूल हवे आहे त्यांच्यासाठी विज्ञानाने मार्ग उघडले आहेत. शरीराबाहेर फलन करून जन्मलेले जगातील पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून असेच मूल जन्माला आले. परंतु त्यांच्या कार्याला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेले मूल हे भारतातील पहिले शास्त्रीय नोंद असलेले असे मूल होय.

तथापि हे तंत्र म्हणजे काळ मागे फिरविण्याची किल्ली नव्हे. स्त्रीचे स्वतःचे बीजांड वापरल्यास चाळिशीनंतर यशाचे प्रमाण झपाट्याने घसरते, कारण दोष गर्भाशयात नसून बीजांडाच्या वयात असतो. खर्च मोठा असतो आणि अपयशाचे ओझे पुन्हा स्त्रीवरच येते. २०२१ च्या कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीचे वय एकवीस ते पन्नास आणि पुरुषाचे एकवीस ते पंचावन्न या मर्यादेत ठेवले आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने पैशासाठी गर्भाशय भाड्याने देण्यावर बंदी घातली आहे.

दत्तकाचा मार्ग जुना आहे, पण त्याचे रूप पालटले आहे. भोसल्यांच्या काळी दत्तक म्हणजे पिंडदानासाठी व गादीसाठी घेतलेला मुलगा. १९५६ च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि २०१० च्या दुरुस्तीने विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीने स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. वंशासाठी मूल या कल्पनेकडून मुलासाठी घर या कल्पनेकडे झालेला हा प्रवास आहे.

समारोप

मूल व्हावे की न व्हावे, यांपैकी एक पक्ष विज्ञान श्रेष्ठ ठरवीत नाही. ते एवढेच दाखविते की अपत्यहीनता हा एक आजार नाही, एक अपराध नाही आणि एकच गोष्टही नाही. तीत देहाचा वाटा आहे, पुरुषाचाही आहे; परिस्थितीचा आहे, शासनाच्या धोरणाचा आहे आणि काहींच्या बाबतीत स्वतःच्या विचाराचाही आहे. मूल न झालेल्या स्त्रीपैकी कोणाच्या वाट्याला यांतील काय आले, हे बाहेरून ओळखता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असे स्पष्ट केले की, प्रजननाविषयीची निवड हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मूल होऊ देणे आणि न होऊ देणे या दोहोंना ते स्वातंत्र्य लागू आहे. कायद्याचे हे वचन शाळेत मिळणारे शरीराचे ज्ञान, दवाखान्यात मिळणारा खरा सल्ला आणि घरात मिळणारा मान यांच्यावाचून कागदावरच राहील. कमरछठच्या दिवशी रायपूरच्या एखाद्या अंगणात व्रतस्थ बायकांच्या मेळ्यात निपुत्रिक शेजारीणही मानाने बसू शकली, आणि तिला कोणी ‘का नाही?’ असे विचारले नाही, तर त्या वचनाचा अर्थ समाजाला कळला असे म्हणता येईल.